टेरेसची किल्ली मी मागितली होती, नोकरी मित्राच्या वडिलांची गेली. सत्तावीस वर्षांनी सांगायला जावं का?

पार्लेकर_८३

नमस्कार. इथे बरीच वर्षं नुसता वाचतोय, लिहितोय पहिल्यांदाच, आणि मोठं होणार आहे. दोन-तीनदा लिहून खोडलं, आज पोस्ट करतोच.

आमची बिल्डिंग विलेपार्ले पूर्वेला. रिडेव्हलपमेंटला गेलीये, महिनाअखेर घर रिकामं करून द्यायचंय, त्यामुळे पंधरा दिवस माळे उपसणं चाललंय. बाबा अकरा वर्षं सोसायटीचे सेक्रेटरी होते, त्यांच्या कागदांची एक पत्र्याची ट्रंक निघाली. त्यात त्यांची कच्ची वही होती. मीटिंगमध्ये आधी त्यात खरडायचे आणि मग घरी बसून पक्क्या मिनिट बुकात सुवाच्य उतरवायचे. जानेवारी १९९९ चं पान उघडलं आणि मी तिथेच खाली बसलो.

लिहिलंय की वॉचमनच्या मुलाने किल्ली घेऊन ३१ डिसेंबरच्या रात्री बाहेरची मुलं टेरेसवर आणली, मद्यपान केले, पाण्याच्या टाकीत बाटल्या टाकल्या, सबब वॉचमनला कामावरून कमी करावे व खोली पंधरा दिवसांत खाली करून घ्यावी. पानाला एक व्हाउचर टाचणीने लावलेलं, टाचणी गंजून कागदाला भोक पडलंय. जानेवारीच्या पंधरा दिवसांचे ९००, वजा टाकी सफाई ६५०, हातात २५०. खाली मामांची सही, शाळेतल्या पोरासारखी एकेक अक्षर सुटं काढलेली.

बाहेरची मुलं मी आणली होती.

मित्राला इथे दिन्या म्हणतो, नाव बदललंय. त्याचे वडील म्हणजे आम्हा सगळ्या पोरांचे मामा, तो त्यांना आबा म्हणायचा. ते आधी लोअर परळला गिरणीत होते, संप झाला, गिरणी गेली, मग चार वर्षं इकडेतिकडे काहीबाही करून आमच्याकडे वॉचमन म्हणून लागले. पगार कमी पण खोली मिळाली, पंपाच्या शेजारची, आठ बाय दहाची, त्यात चार माणसं. पहाटे महापालिकेचं पाणी आलं की मामा मोटर चालू करायचे आणि भिंतीपलीकडून ती अख्खी खोली थरथरायची. दिन्या म्हणायचा मला घड्याळ लागतच नाही, साडेचारला भिंत उठवते.

आम्ही एकाच वयाचे, एकाच शाळेत, बालवाडीपासून दहावीपर्यंत एकाच वर्गात. तेव्हा तसं होतं, सोसायटीतली पोरं आणि वॉचमनचा पोरगा दोघंही जवळच्या मराठी शाळेतच जायचे. आज माझी मुलगी ज्या शाळेत जाते तिथे तिच्या बाकावर असा मुलगा येऊन बसणं शक्यच नाही, हे मध्येच लिहितोय पण गेले काही दिवस डोक्यात सारखं येतंय. अभ्यास आम्ही जिन्यात करायचो, पहिल्या आणि दुसऱ्या मजल्यामधल्या टप्प्यावर, कारण तिथे ट्यूबलाइट होती, त्याच्याकडे जागा नव्हती आणि माझ्याकडे टीव्ही चालू असायचा. भूमिती मला त्याने शिकवली. जमिनीवर खडूने त्रिकोण काढून द्यायचा आणि म्हणायचा की आकृतीकडे नुसता बघत बस, पाठ करू नको. वारा फॅक्टरीकडून आला की बिस्किटांचा वास यायचा, मग दोघांनाही भूक लागायची, मग आमच्याकडे जाऊन खायचं.

आमच्या घरी भेदभाव नव्हता असं आई अजूनही सांगते आणि ते खरंय, त्याला त्याच ताटलीत पोहे मिळायचे. फक्त तो चपला आमच्या दारातल्या रांगेत काढायचा नाही, एक पायरी खाली काढायचा. त्याला तसं कोणी सांगितलं नव्हतं. आणि वर काढ असंही आमच्यापैकी कोणी कधी म्हटलं नाही.

नववीत मला क्लास लावला. त्याला परवडणारा नव्हता. तिथे नवीन मित्र झाले, इंग्लिश मीडियमचे, एकाकडे कायनेटिक होती, त्यांच्यात आपण कमी पडतोय असं मला सतत वाटायचं. थर्टीफर्स्टला कुठे बसायचं असा विषय निघाला आणि मी पटकन बोलून गेलो की आमच्या टेरेसवर या. मग दिन्याकडे किल्ली मागितली. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला आबा साडेचारला वर येतात, त्याआधी उतरा, आणि टाकीकडे जाऊ नका. तू पण ये असं मी त्याला म्हटलं नाही. ते मला नीट आठवतंय, तोंडावर आलं होतं आणि मी म्हटलं नाही.

रात्री एकच्या सुमाराला जिन्यात पावलं वाजली, आमच्यातल्या एकाने घाबरून टाकीचं झाकण सरकवलं आणि दोन बाटल्या आत सोडल्या. मी बघत होतो. पावलं कोणा तिसऱ्याचीच निघाली, वर कोणी आलंच नाही. आम्ही उतरलो आणि मी किल्ली त्यांच्या दाराखालून आत सरकवली.

सकाळी बाटल्या मामांनाच दिसल्या. त्यांना गुपचूप काढून टाकता आल्या असत्या, कुणाला कळलंही नसतं. पण लोक हे पाणी पितात म्हणून ते स्वतः बाबांना सांगायला वर आले.

रविवारी संध्याकाळी पार्किंगमध्ये खुर्च्या टाकून सभा झाली. दिन्याला समोर उभं केलं. तो म्हणाला मी गेलो होतो, माझे मित्र होते. कोण मित्र, तर गप्प. मी जिन्याच्या कठड्याला धरून उभा होतो. त्याने माझ्या तोंडाकडे एकदाही बघितलं नाही, सगळा वेळ माझ्या पायांकडे बघत होता. मामांनी सगळ्यांसमोर त्याच्या थोबाडीत मारली. त्यांनी त्याच्यावर हात उचललेला मी त्याआधी कधीच पाहिला नव्हता. मी गप्प बसलो.

पंधरा तारखेला ते नालासोपाऱ्याला गेले, दिन्याच्या आईच्या भावाकडे. मार्चमध्ये बोर्डाची परीक्षा, फॉर्म इथूनच भरलेला, त्यामुळे सेंटर इथलंच. रोज विरार लोकलने अंधेरीला उतरून स्लो पकडून पार्ल्याला यायचा. भूमितीच्या पेपरनंतर गेटवर भेटला आणि मला विचारलं, कशी गेली रे?

पुढे त्याने आयटीआय केलं, लिफ्टच्या कामात गेला. २०१९ मध्ये अंधेरीला एका ऑफिसात अचानक दिसला, लिफ्टचं दार उघडं टाकून आत काम करत होता. हात ग्रीसने भरलेले म्हणून त्याने मनगट पुढे केलं, मी मनगटाला हात लावला. पहिला प्रश्न, काका-काकू कसे आहेत. नंबर घेतले. तेव्हापासून गणपतीला आणि दिवाळीला मेसेज येतो, आधी त्याचाच येतो. मामा आहेत अजून, ऐंशी झाली, ऐकू कमी येतं एवढं त्याने मागे सांगितलं होतं.

आता प्रश्न. त्याला तर सगळं माहीतच आहे, मग मी जाऊन सांगायचं काय? बायको म्हणते तू तुझं ओझं त्याच्या दारात टाकायला निघालायस. बाबा ७९ चे आहेत, बायपास झालीये, आपण सोसायटी स्वच्छ चालवली याचा त्यांना फार अभिमान आहे, त्यांना सांगू का नको? आणि ते ६५० रुपये, त्यांचं काय करू? मनापासून विचारतोय.

आनंद_ठाणे

दादा, पूर्ण वाचलं. तुम्ही पंधरा वर्षांचे होता. त्या वयात बापासमोर खरं बोलायला जी छाती लागते ती किती जणांकडे असते, माझ्याकडे तर नव्हती. तुमचा मित्र स्वतःहून बोलतोय, मेसेज करतोय, म्हणजे त्याने मनातून काढून टाकलंय. बरी झालेली जखम खपली काढून बघायची नसते. त्यातून त्याचे वडील ऐंशीचे, तुमचे बायपासवाले, कशाला दोन म्हाताऱ्या माणसांना त्रास? त्यापेक्षा तुमच्या नवीन बिल्डिंगमध्ये जो वॉचमन येईल त्याच्या मुलाच्या शिक्षणाचं बघा. माझं प्रामाणिक मत आहे, राग मानू नका.

सावली

मी दुसऱ्या बाजूची आहे, म्हणून लिहिते. माझी आई शिवाजी पार्कच्या बाजूला चार घरची धुणीभांडी करायची, आम्ही माहीमला चाळीत. त्यातल्या एका घरातली मुलगी माझ्याच वर्गात होती आणि माझी एकदम जिवाची मैत्रीण होती, पाचवी ते नववी. तिचा जुना युनिफॉर्म मला यायचा, मला त्याचं काही वाटायचं नाही, उलट तिचा आहे म्हणून आवडायचा. नववीत एक नवीन मुलगी आली, श्रीमंत घरची, सगळ्यांना तिच्या ग्रुपमध्ये जायचं होतं. एक दिवस मधल्या सुट्टीत माझ्या मैत्रिणीने सगळ्यांसमोर माझ्या स्कर्टचा काठ उचलून दाखवला, हे बघ, हा माझा होता, इथे मी खिळ्याला अडकले होते तिथे आईने रफू केलंय. एवढंच. बाकी काही बोलली नाही, नवीन मुलगी हसली, बाकीच्या हसल्या. तो निळा रंग आणि त्यावरचा थोडा गडद दोरा मला आत्ता डोळ्यांपुढे दिसतोय. घरी जाऊन मी तो दोरा उसवला आणि आईचा मार खाल्ला.

वीस वर्षांनी तिने मला शोधून काढलं. हॉटेलात बोलावलं, चहा आला आणि ती रडायला लागली. रडली ती रडलीच. आजूबाजूचे बघायला लागले. शेवटी मीच तिचा हात धरून म्हटलं जाऊ दे गं, लहान होतो आपण. ती हलकी होऊन घरी गेली आणि मी लोकलमध्ये बसून विचार करत राहिले की आज नक्की कोणाचं काम झालं. तिने मला एकदाही विचारलं नाही की त्या दिवसानंतर तू डबा कुठे खायचीस. पाण्याच्या टाकीमागे खायचे, दहावी संपेपर्यंत.

म्हणून आनंदजी, त्याने मनातून काढून टाकलंय हे तुम्ही कशावरून म्हणता? दिवाळीला मेसेज करतो म्हणून? मी पण करते तिला मेसेज. आमच्यासारखे लोक संबंध तोडत नाहीत, आम्हाला तोडणं परवडत नाही.

आणि पार्लेकर, एक विचारू? तुम्ही लिहिलंय की गप्प बसलात. पण सभेत दिन्यालाच समोर का उभं केलं? किल्ली कोणीही घेतली असेल, मामांनीच दिली असेल, कुलूप उघडं राहिलं असेल. बोट त्याच्याकडे कसं वळलं?

पार्लेकर_८३

सावली ताई, तुमचा प्रश्न काल रात्री वाचला आणि उत्तर द्यायला आत्ता बसलोय.

एक तारखेला सकाळी मामा सांगून गेले. नळ बंद, सगळी बिल्डिंग बोंबलतेय, आई खालून बादलीने पाणी आणतेय. बाबा पेपर मांडीवर ठेवून माझ्यासमोर बसले होते. स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, किल्ली मिळाली कोणाला? आणि मी चहात बिस्किट बुडवत म्हटलं, दिन्याला माहीत असते ना किल्ली कुठे असते ते, त्याला विचारा.

एवढंच वाक्य. बाबा उठले, पायात चपला घातल्या आणि खाली गेले. माझ्या कपात बिस्किट तुटून पडलं होतं, ते मी चमच्याने काढत बसलो.

तू होतास का असं बाबांनी मला विचारलंच नाही. तेव्हा ना नंतर. त्यांच्या मनातसुद्धा आलं नसणार. मी वर गप्प बसलो गप्प बसलो असं लिहिलं कारण इतकी वर्षं मी स्वतःला तेच सांगत आलोय. बायकोलासुद्धा हे वाक्य सांगितलं नव्हतं, काल सांगितलं.

जुना_गिरणगावकर

माझं वय ६६. लालबागला जन्म, वडील गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते, थोरला भाऊ बदली कामगार. तुमच्या लिखाणात एक ओळ पटकन येऊन गेली, संप झाला, गिरणी गेली, मग वॉचमन. तिथे मी थांबलो, कारण ती एक ओळ म्हणजे आमचं अख्खं गिरणगाव आहे.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. कामगार नेते डॉक्टर दत्ता सामंतांच्या मागे अडीच लाखाच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि तो संप रीतसर मागे असा कधी घेतलाच नाही. पहिले दोन महिने आम्हाला सणासारखे वाटले, मग भांडी विकायला निघाली. कोण गावी गेला तो परत आला नाही, कोण भाजीची पाटी घेऊन बसला, आणि फार जण पहाऱ्याला बसले. तुमच्या मामांसारख्या माणसाला चार माग एकट्याने सांभाळायची सवय, धागा तुटला तर आवाजावरून ओळखणारी माणसं ती, त्यांनी शिट्टी गळ्यात घालून साहेबांच्या गाडीला गेट उघडायचं. ते करताना त्यांना जे वाटलं असेल ते त्यांनी घरी कधी बोलून दाखवलं नसणार. माझ्या भावाने नाही दाखवलं.

आणि एक समजून घ्या. तुम्ही कबूल केलं असतं तर तुम्हाला फार तर मार बसला असता, क्लास बंद झाला असता, चार दिवस बोलणं बंद. त्यांचं छप्पर नोकरीला बांधलेलं होतं. नोकरी गेली की खोली गेली, खोली गेली की रेशनकार्डाचा पत्ता गेला, शाळा गेली. त्या माणसाचा एकदा जानेवारीत संप लागला होता आणि सतरा वर्षांनी पुन्हा जानेवारीतच बिऱ्हाड उचलावं लागलं. तरी बाटल्या त्याने लपवल्या नाहीत. लपवल्या असत्या तर आज तुम्हाला हे लिहावंच लागलं नसतं.

आता मुद्द्याचं. तुम्ही विचारताय मित्राला सर्व माहीत आहे तर सांगायचं काय. मित्राला माहीत आहे हो. पण मामांना?

त्यांनी भर सभेत पोराच्या कानाखाली वाजवली ती पोरगा दारू पिणाऱ्या पोरांना घेऊन वर गेला असं समजून. सत्तावीस वर्षं ते हेच समजून बसले असतील की माझ्याच पोराने माझी भाकरी घालवली. पोराने एका शब्दाने सांगितलं नसेल तर? ते खोटं काढू शकेल असा आता एकच माणूस आहे आणि तो ट्रंक उघडून बसलाय. तुम्ही माफी मागा न मागा, ती पुढची गोष्ट. पहिलं जाऊन साक्ष द्या. मामा ऐंशीचे आहेत म्हणून नका जाऊ असं ठाणेकर म्हणतायत, मी म्हणतो म्हणूनच लवकर जा.

पैशाचं म्हणाल तर ६५० रुपये ही मामांची मजुरी आहे. कापली ती चुकीची कापली. मजुरी परत करायला लाजायचं नसतं.

जाता जाता, त्यांनी गिरणी कामगारांच्या घरासाठी म्हाडाकडे अर्ज केला होता का तेही विचारा. फार लोकांचे कागद नसल्यामुळे अडकलेत. गिरणीचा पास, फंडाची पावती, काय असेल ते शोधायला मदत करा. हे माफी म्हणून नाही, तुम्हाला कागद हाताळता येतात आणि त्यांना कोणी हाताळून दिले नसतील म्हणून.

आनंद_ठाणे

गिरणगावकर काका, वडिलांचा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता. माझं आधीचं मत मागे घेतो. फक्त मित्राला आधी विचारल्याशिवाय थेट वडिलांसमोर जाऊन उभे राहू नका. त्याने इतकी वर्षं जे झाकून ठेवलंय ते उघडायचं की नाही हे त्याने ठरवायचं.

सोसायटीवाला_मुलुंड

मी नऊ वर्षं आमच्या कमिटीत आहे, दोन टर्म सेक्रेटरी, म्हणून फक्त कागदाचं सांगतो. कच्च्या वहीला किंमत नाही, पक्कं मिनिट बुक सोसायटीच्या दप्तरात असणार. त्यात मागची नोंद खोडता येत नाही आणि खोडूही नये. पण तुम्ही कमिटीच्या नावाने सहीचं पत्र देऊ शकता की अमुक तारखेच्या ठरावात लिहिलेली हकीकत खरी नाही, टेरेसवर मी गेलो होतो, ते पत्र सभेत वाचून नव्या मिनिट्समध्ये घ्यायला सांगा. रिडेव्हलपमेंट चालू आहे म्हणजे तुमच्या सभा होतच असतील. बिल्डिंग पाडायच्या आधी करा, शिफ्टिंगमध्ये दप्तर कुठे जाईल सांगता येत नाही. ६५० रुपये सोसायटीने कापलेत, तुम्ही नाही, त्यामुळे सोसायटीनेच परत करावेत असाही आग्रह धरता येईल. विरोध होईल, जुने मेंबर म्हणतील कशाला आता. धरा तरी.

आमच्याकडेही वॉचमनला खोली आहे, मीटरच्या बाजूला. तुमचं वाचल्यावर काल रात्री खाली उतरून बघून आलो. नऊ वर्षांत आत डोकावलो नव्हतो.

सावली

पार्लेकर, ते वाक्य लिहिलंत ते बरं केलंत. दिन्यासमोर पण तेच लिहिलंय तसंच सांगा, बिस्किटासकट. कारण त्याला किल्लीचं माहीत आहे, बाटल्यांचं माहीत आहे, पण तुम्ही बोट दाखवलंत हे कदाचित माहीत नाही. त्याला वाटत असेल मित्र घाबरला. घाबरणं वेगळं आणि हे वेगळं. अर्धं सांगून माफी घेऊन येऊ नका.

आणि रडू नका त्याच्यासमोर. रडू आलं तर बाथरूमला जा. हे मी चिडून नाही लिहीत. त्याला तुमचे डोळे पुसायला लागू नयेत.

पैसे द्यायचे तर ६५०च द्या. वर काही घालू नका, मोठा आकडा दिलात की तो तुमच्या मोठेपणाचा होतो. आणि विचारा. तुम्ही बोलून झालं की त्याला विचारा, नालासोपाऱ्याला गेल्यावर काय झालं, कुठे झोपायचात, दहावीचा अभ्यास कुठे केलास. आणि मग ऐका.

पार्लेकर_८३

सगळ्यांचे आभार. आठवडाभर लिहिलं नाही कारण आधी करायचं होतं.

बाबांना परवा सांगितलं. सामान अर्धं बांधलेलं, ते खोक्यावर बसले होते. आधी किल्ली, मग बाटल्या, मग ते चहाच्या वेळचं वाक्य, सगळं क्रमाने. त्यांनी मध्ये एकदाही थांबवलं नाही. मग चष्मा मागितला, वही मागितली आणि ते पान वाचलं. मी म्हटलं बाबा, ओरडा हवं तर. ते म्हणाले, मी तुला विचारलंच नव्हतं. थोड्या वेळाने परत तेच म्हणाले, खाली जाऊन त्याला दहा वेळा विचारलं आणि तुला एकदासुद्धा नाही. रात्री जेवले नाहीत. बीपी सकाळी मोजलं, ठीक आहे.

सोसायटीला पत्र दिलंय. चेअरमन म्हणाले पुढच्या सभेत घेऊ, त्यांचा चेहरा काही फार उत्साही नव्हता, पण पोच घेतली आहे.

आज दुपारी दिन्याला फोन केला. कामावर होता, मागे ड्रिलचा आवाज, म्हणाला दोन मिनिटं थांब आणि बाहेर आला. मी सावली ताईंनी सांगितलं तसं बोललो, काही वगळलं नाही. किल्लीचं आणि बाटल्यांचं तो हं हं करत ऐकत होता. त्या वाक्याला आल्यावर हं थांबलं. मला वाटलं फोन कट झाला. मग म्हणाला, ते नव्हतं माहीत रे. मला वाटायचं काकांनी अंदाजाने धरलं.

मी विचारलं मामांना तू कधी सांगितलंस का. नाही म्हणाला. पहिलं वर्ष सांगणार होतो, पण सांगून खोली परत मिळणार नव्हती, आणि आबा तडक उठून तुमच्याकडे भांडायला आले असते, तेही बरं दिसलं नसतं. मग राहूनच गेलं. आणि मग एक गोष्ट सांगितली ती मी इथे त्याला विचारून लिहितोय. त्या दिवसानंतर आबांनी त्याच्या हातात कधी किल्ली दिली नाही. कसलीच. नालासोपाऱ्याच्या घराचं दार, कपाट, काहीच नाही. आता ते घर त्याने स्वतःच्या पैशाने घेतलंय, त्याच्या नावावर आहे, तरी आबा बाहेर पडताना किल्ली शेजारच्या वहिनींकडे ठेवतात. तो कामावरून आला की वहिनींकडून मागून घेतो. म्हणाला आता सवय झालीये, पण माझा पोरगा विचारतो की आजोबा असं का करतात.

मी म्हटलं मला मामांना भेटायचंय, तुझी हरकत नसेल तर. बराच वेळ ड्रिल वाजत राहिलं. मग म्हणाला रविवारी ये. पण आबांना अगदीच कमी ऐकू येतं आता, मशीन लावत नाहीत, मोठ्याने बोलावं लागेल, कानाशी जाऊन नाही चालत, ओरडूनच सांगावं लागतं. आणि दारं सगळी उघडी असतात आमच्या इथे, मजल्यावरचे सगळे ऐकतील, बघ तुला चालेल का.

मी म्हटलं ओरडेन.

६५० रुपये आणि व्हाउचर एका पाकिटात घातलंय. रविवारी वेस्टर्न रेल्वेला जम्बो ब्लॉक, म्हणजे रुळांच्या कामासाठी गाड्या बंद, आहे का कोणाला माहीत असेल तर सांगा, अंधेरीहून सकाळी साडेनऊच्या सुमाराची विरार पकडायचा विचार आहे. बाबा पण येतो म्हणतायत. दिन्याचं घर कितव्या मजल्यावर आहे आणि जिना किती आहे ते विचारायचं राहिलं, ते आता विचारतो.